सिस्टीनचं द्रावण रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला पांढरा साका. हे काय झालं?

बाकावरचा_बीकर

नमस्कार मंडळी. बायोकेमिस्ट्रीचं पहिलंच वर्ष आहे, लॅबमध्ये नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

काल दुपारी फॉस्फेट बफरमध्ये सिस्टीनचं (गंधकवालं अमिनो आम्ल) ०.१ मोलर द्रावण केलं, पीएच ७.४. पावडर टाकली, दोनदा हलवली, लगेच विरघळली, पाण्यासारखं नितळ. थोडं वापरलं, उरलेलं फ्लास्कच्या तोंडावर फॉइल लावून बाकावरच ठेवलं आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर तळाला पांढरा साका बसलेला. हलवला की काचेचा चुरा उडाल्यासारखा चमकतो आणि मिनिटाभरात परत खाली. कोमट करून पाहिलं, जात नाही. एल्मन रीएजंटने रीडिंग घेतलं तर काल ४१२ नॅनोमीटरला जेवढा पिवळा रंग आला होता त्याच्या निम्मासुद्धा नाही. सीनियर म्हणाला बॅक्टेरिया लागलाय, ओतून टाक आणि नवीन कर. पण बॅक्टेरिया असा चमकतो का हो? आणि वासही तोच आहे, तो जरासा सडक्या अंड्यासारखा जो पहिल्यापासून येतच होता.

दुसरं, गेल्या आठवड्यात लेड अ‍ॅसिटेटची टेस्ट केली, कॉस्टिक सोडा घालून उकळायची ती. सिस्टीन काळाकुट्ट झाला आणि मेथिओनिनची ट्यूब ढिम्म हलली नाही. गंधक तर दोघांतही आहे ना, मग?

आणि तिसरा प्रश्न खरं तर घरचा आहे. धाकटा भाऊ जिमला जातो, तो केसांसाठी सिस्टीनच्या कॅप्सूल आणि वर एनएसी (एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन) पण घ्यायला लागलाय, म्हणतो ग्लुटाथिओन वाढतं, लिव्हर साफ होतं, रंग उजळतो, केस दाट होतात. एकाच पावडरने इतकं सगळं? माझ्या फ्लास्कमध्ये एका रात्रीत जिचा गाळ झाला ती त्याच्या पोटात जाऊन काय करते हे मला खरंच समजून घ्यायचंय.

गाळणी

ओतू नकोस! निदान एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघ, मग ओत. तुझा साका म्हणजे सिस्टाइन आहे, पैज लावतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ही दोन नावं एका अक्षराच्या फरकाची आहेत आणि बोलताना बरेच जण दोन्ही सारखीच म्हणतात, त्यामुळे देवनागरीत लिहिताना तर पार गोंधळ. मी आपला एकट्या रेणूला सिस्टीन म्हणतो आणि दोन सिस्टीन एकमेकांना चिकटून जी जोडी होते तिला सिस्टाइन. या धाग्यापुरतं तरी सगळ्यांनी असंच लिहूया का, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत कोण कोणाबद्दल बोलतंय तेच कळणार नाही.

तर सिस्टीनच्या बाजूच्या साखळीच्या टोकाला गंधक आणि त्याला एक हायड्रोजन, एसएच, म्हणजे थायॉल गट. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी तो हायड्रोजन सोडलेला असतो तो, साधारण ८.३. तुझा बफर ७.४ चा, म्हणजे हिशेब करून बघ, जवळजवळ ११ टक्के रेणूंनी तो हायड्रोजन सोडून दिलेला असतो आणि गंधक ऋण प्रभार घेऊन उघडा बसलेला असतो. हा उघडा गंधकच सगळा उद्योग करतो. हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळलेला असतोच, आणि बफरच्या मिठातून, पाण्यातून, कधी चमच्यावरून तांबं नाहीतर लोखंड अगदी नखभर तरी आलेलं असतं. धातूच्या मध्यस्थीने दोन सिस्टीनचे हायड्रोजन जातात आणि गंधक-गंधक अशी गाठ बसते. डायसल्फाइड. जाता जाता हायड्रोजन पेरॉक्साइड पण तयार होतं.

आता मजा बघ. सिस्टीन पाण्यात छान विरघळतं, पण सिस्टाइन विरघळतं लिटरमागे कसंबसं ०.१ ग्रॅम. तुझ्या ०.१ मोलर द्रावणात लिटरमागे १२ ग्रॅम सिस्टीन आहे, त्यातला नुसता एक टक्का जरी जोडीत गेला तरी ०.१२ ग्रॅम सिस्टाइन झालं, म्हणजे तिथेच भांडं भरलं, पुढचं सगळं खाली बसणार. म्हणून साका दिसायला रात्रसुद्धा लागत नाही, एखाद्या दुपारी पण होतं. आणि एल्मनचा रंग फिका का ते आलंच लक्षात, तो रीएजंट मोकळा थायॉलच मोजतो, गाठीत अडकलेला गंधक त्याला दिसतच नाही.

खात्री करायची तर दोन टेस्ट ट्यूबमध्ये साका घे. एकीत थोडं हायड्रोक्लोरिक टाक, दुसरीत कॉस्टिक सोडा. दोन्हीकडे विरघळायला हवा, सिस्टाइन आम्लातही जातं आणि अल्कलीतही, अडतं फक्त मधल्या पीएचला. तिसरी ट्यूब असेल तर डीटीटी (गंधकाच्या गाठी सोडवणारं रसायन) टाकून ठेव, गाठ सुटली की नितळ होईल.

पुढच्या वेळी ताजं कर आणि त्याच दिवशी संपव, एवढंच खरं तर पुरतं. ठेवायचंच असेल तर बफरमध्ये नको, पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये ठेव, आम्लात तो हायड्रोजन घट्ट बसतो आणि गंधक शांत राहतो. बफरच हवा असेल तर चिमूटभर ईडीटीए घाल, धातू बांधले जातात, आणि जमलं तर नायट्रोजन सोड. बाटली कुठली होती ते पण बघ, नुसतं सिस्टीन की हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट? पहिल्याचं रेणुभार १२१ आणि दुसऱ्याचं १७५.६, एक समजून दुसरं तोललं तर पहिल्यापासूनच आकडा चुकतो, आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी करतंच हे. हायड्रोक्लोराइड असेल तर बफरचा पीएचही धाडकन खाली येतो, तो परत तपासला होतास का?

मेथिओनिनचं सोपं आहे. त्याचा गंधक दोन्ही बाजूंनी कार्बनमध्ये अडकलेला असतो, एका बाजूला साखळी आणि दुसऱ्या बाजूला मेथिल. सोड्यात उकळून सिस्टीनमधून सल्फाइड सुटतं आणि शिसं ते पकडून काळं लेड सल्फाइड होतं, मेथिओनिनचा गंधक तेवढ्याने सुटत नाही. तुझी ट्यूब बरोबर होती.

भावाच्या कॅप्सूलवर मी बोलत नाही, इथे डॉक्टर लोक आहेत.

बाकावरचा_बीकर

गाळणी सर, हायड्रोक्लोराइडच होतं पण १७५.६ धरूनच तोललं आणि सोडा घालून पीएच परत ७.४ ला आणला होता, तेवढं तरी बरोबर केलं. आता मायक्रोस्कोपखाली पाहून आलो. षटकोन!! अगदी पट्टीने आखल्यासारखे, पातळ, पारदर्शक, काही एकावर एक चढलेले, फरशीच्या कारखान्यातला माल सांडल्यासारखे. सीनियरला पण दाखवले, तो काही बोलला नाही.

सूक्ष्मदर्शिका

षटकोन म्हटल्यावर राहवलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीच्या स्लाइड बघत आयुष्य घालवलं, आणि तू आज जे पाहिलंस ते लघवीत दिसलं की आम्ही सगळं काम बाजूला ठेवून आधी फोन लावतो. कारण लघवीत दिसणारे बाकीचे बरेच स्फटिक निरोगी माणसातही सापडतात, ऑक्झॅलेटचे, युरिक आम्लाचे, पण सिस्टाइनचा षटकोन निरोगी माणसात दिसत नाही. एक दिसला तरी पुरे.

त्या आजाराचं नाव सिस्टिनुरिया. जन्मजात असतो. किडनी रक्त गाळते तेव्हा सिस्टाइनही गाळून खाली जातं आणि नेहमी ते जवळपास सगळं परत ओढून घेतलं जातं, या लोकांत ते परत ओढणारं दारच बिघडलेलं असतं. त्याच दारातून ऑर्निथिन, लायसिन आणि आर्जिनिन पण जातात, म्हणजे तेही लघवीत वाहून जातात, पण ते तिघं पाण्यात मस्त विरघळतात म्हणून त्यांचा कोणाला पत्ताही लागत नाही. चारातला एकटा सिस्टाइन घात करतो आणि तो केवळ विरघळत नाही म्हणून. जे तुझ्या फ्लास्कात झालं तेच, फक्त फ्लास्कच्या जागी किडनी. लघवीचा पीएच ७ च्या आसपास किंवा खाली असेल तर लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅमपर्यंत मावतं, त्यावर गेलं की खडा. रात्री पाणी प्यायलं जात नाही, लघवी दाट होते, म्हणून या पेशंटना रात्री उठून पाणी प्यायला सांगतात, दिवसभरात तीन लिटर लघवी व्हायला पाहिजे या हिशेबाने. मेणासारखे पिवळट खडे असतात, फोडायलाही चिवट.

नावाची गंमत पण इथेच आहे. १८१० साली वोलॅस्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मूत्राशयातल्या एका खड्यातून हा पदार्थ वेगळा काढला. ग्रीकमध्ये मूत्राशयाला किस्टिस म्हणतात, त्यावरून त्याने नाव दिलं सिस्टिक ऑक्साइड, ते ऑक्साइड नाहीच हे पुढे कळलं आणि बर्झेलियसने सिस्टाइन केलं. गंधकाचा पत्ता तर त्यानंतर लागला. १८८४ मध्ये बाउमनने त्या जोडीची गाठ सोडवून एकटा रेणू मिळवला, तो सिस्टीन. आणि हे प्रथिनांचा भाग आहे हे शिंगातून काढून मोर्नरने दाखवलं १८९९ मध्ये. म्हणजे आधी जोडी सापडली, मग एकटा, आणि दोघं आपल्या प्रथिनांच्याच गावचे आहेत हे जवळजवळ नव्वद वर्षांनी.

पूर्वी आम्ही सायनाइड नायट्रोप्रुसाइडची टेस्ट करायचो. नायट्रोप्रुसाइड मोकळ्या थायॉलशी जांभळा रंग देतो पण जोडीशी देत नाही, म्हणून आधी सायनाइड घालून जोडी तोडायची, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब नायट्रोप्रुसाइड. काय सुंदर रंग यायचा तो! सायनाइडची बाटली मात्र कुलपात, आणि आम्ल जवळपाससुद्धा नको.

औषधातही तीच युक्ती आहे बघ. टायोप्रोनिन किंवा पेनिसिलामिन देतात, दोघांकडे स्वतःचा थायॉल आहे. ते सिस्टाइनच्या जोडीतल्या एकाला बाजूला सारून स्वतः गाठ मारतात आणि ती मिश्र जोडी पाण्यात कितीतरी जास्त विरघळते. पेनिसिलामिन म्हणजे तरी काय, सिस्टीनच, गंधकाशेजारच्या कार्बनवर दोन मेथिल चढवलेलं.

तिरका_तिवडा

मध्येच एक. प्रथिनांतल्या वीसपैकी एकोणीस अमिनो आम्लांना डावा-उजवा हात असतो आणि आपल्या प्रथिनांत सगळी डावी, म्हणजे एल. नव्या आर-एस नियमाने नाव द्यायला गेलं तर ती सगळी एस निघतात, आणि सिस्टीन तेवढं आर! हात फिरलेला नाही, मांडणी तीच, फक्त गंधक ऑक्सिजनपेक्षा जड म्हणून क्रम बदलतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. चालू द्या.

लोखंडी_सळई

भावाला घेऊ दे रे. मी सहा महिने एनएसी घेतोय, एनर्जी मस्त, स्किन ग्लो करते. ग्लुटाथिओन हा बॉडीचा मास्टर अँटिऑक्सिडंट आहे आणि तो सिस्टीनपासून बनतो, मग सिस्टीन जास्त तर ग्लुटाथिओन जास्त, सिंपल गणित आहे. डॉक्टर लोकांना फक्त घाबरवता येतं. नॅचरल अमिनो अ‍ॅसिड आहे, साइड इफेक्ट कसला.

कॅज्युअल्टी_रात्रपाळी

सळईभाऊ, गणितातली पहिली ओळ बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ग्लुटाथिओन म्हणजे तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी, ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसिन. काम करणारा हात मधल्या सिस्टीनचा, तोच एसएच. पेशीत ते मिलिमोलरमध्ये असतं, एक ते दहा, म्हणजे भरपूर. आणि तिघांपैकी तुटवडा पडतो तो बहुतेक वेळा सिस्टीनचाच. इथवर तू बरोबर. पण पेशी मूर्ख नाही, ग्लुटाथिओन पुरेसं झालं की ते बनवणाऱ्या पहिल्या एन्झाइमला ग्लुटाथिओन स्वतःच ब्रेक लावतं. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद, तू नळ कितीही सोड. ज्याची टाकी रिकामी झालीय त्याला मात्र हेच औषध जीव वाचवतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहतो.

पॅरासिटॅमॉलचं उदाहरण बघा. नेहमीच्या डोसचा बहुतेक भाग लिव्हर साखर नाहीतर सल्फेट चिकटवून बाहेर काढतं, थोडासाच एका विखारी रूपात जातो, आम्ही त्याला नॅपकी म्हणतो. ग्लुटाथिओनचा गंधक नॅपकीला गच्च धरतो आणि प्रकरण मिटतं. मूठभर गोळ्या एकदम पोटात गेल्या की नॅपकी इतका होतो की ग्लुटाथिओन संपतं, मग तोच नॅपकी लिव्हरच्या प्रथिनांवर जाऊन बसतो, तिथेही सिस्टीनवरच. फसवं काय असतं सांगू का, पहिला दिवस पेशंट ठीक दिसतो. थोडी मळमळ, एखादी उलटी, नातेवाईक म्हणतात डॉक्टर सोडा आता घरी. लिव्हरचे आकडे चढतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून गोळ्या घेतल्यापासून चार तास झाले की रक्तातली पातळी बघायची आणि उपचाराच्या आलेखातल्या रेषेवर किंवा तिच्या वर असेल तर शिरेतून एनएसी सुरू. आठ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं. हे १९७० च्या दशकापासून चालत आलंय. थेट ग्लुटाथिओन का देत नाही, तर ते अख्खं पेशीत शिरत नाही. एनएसी शिरतं, आत अ‍ॅसिटिल निघतं, सिस्टीन हाती लागतं.

आता 'नॅचरल, साइड इफेक्ट कसला'. शिरेतून देताना पहिल्या तासाभरात अंग लाल होणं, खाज, कधी धाप, हे आम्ही नेहमी बघतो, दम्याच्या पेशंटला जास्त, थेंब हळू करावे लागतात. अ‍ॅलर्जीसारखं दिसतं पण खरी अ‍ॅलर्जी नसते. खोकल्यासाठी वाफेतून दिलं तर श्वासनळ्या आवळू शकतात. तिथे काम वेगळं आहे बरं का, कफ चिकट असतो कारण म्युसिन या कफातल्या प्रथिनाचे लांब रेणू गंधकाच्या गाठींनी एकमेकांत अडकलेले असतात, एनएसी त्या गाठी सोडवतं आणि कफ पातळ होतो. म्हणजे एकच औषध, एकीकडे सिस्टीन पुरवतं आणि दुसरीकडे कात्री चालवतं.

आणि एक गोष्ट सप्लिमेंटवाले कधी छापत नाहीत. २०१४ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना एनएसी दिलं तर कॅन्सरच्या गाठी जास्त वेगाने वाढल्या, २०१५ मध्ये मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर) असलेल्या उंदरांत तो जास्त पसरला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मी कोणाला घाबरवत नाहीये. पण कारण ऐकून घ्या. कॅन्सरच्या पेशीलाही ऑक्सिडेशनचा त्रास होतो आणि तिलाही ग्लुटाथिओन प्रिय असतं. तिच्या भिंतीवर एक फिरतं दार असतं, ग्लुटामेट बाहेर टाकून सिस्टाइन आत घेणारं. ते दार बंद केलं की सिस्टीन संपतं, ग्लुटाथिओन संपतं, पेशीतल्या चरबीचं लोखंडाच्या संगतीने ऑक्सिडेशन होत जातं आणि पेशी मरते, या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळालं. लोक ते दार बंद करणारी औषधं शोधतायत आणि आपण कॅप्सूलने आत पुरवठा करतोय.

रंग उजळण्याचं म्हणाल तर त्यात रसायनशास्त्र आहे, नुसती थाप नाही. त्वचेत मेलानिन हे रंगद्रव्य बनताना मध्ये डोपाक्विनोन तयार होतं, त्याला सिस्टीन भेटलं तर काळ्या मेलानिनऐवजी पिवळट-तांबूस मेलानिन होतं. पण गोळीतून घेतलेल्या ग्लुटाथिओनचे आतड्यातच तुकडे होतात, आणि ग्लोसाठी शिरेतून घेणाऱ्यांना मी हात जोडतो, नका रे.

भावाला खडे झाले आहेत का हे विचारा आधी. सिस्टाइनच्या खड्यांचा इतिहास असेल तर ही कॅप्सूल घेणं म्हणजे वर सूक्ष्मदर्शिकाताईंनी सांगितलेल्या आगीत तेल.

लोखंडी_सळई

ओके डॉक्टर, फ्लोटचं पटलं. पण मग मला सहा महिने बरं वाटतंय ते काय?

कॅज्युअल्टी_रात्रपाळी

सहा महिने झोप वेळेवर आणि व्यायाम रोज, असं तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलंय :)

केशकर्म

केसांचं मी घेते, पंधरा वर्षं केसांच्या प्रॉडक्टच्या फॉर्म्युलेशनमध्ये आहे.

केस म्हणजे केराटिन आणि केराटिन म्हणजे गाठीच गाठी. माणसाच्या केसात साधारण दर सहा-सात घटकांमागे एक सिस्टीन असतं आणि बहुतेक सगळी जोडीने बांधलेली, म्हणून केस इतका चिवट आणि म्हणूनच जळला की तो घाण वास. पर्मिंग करतात तेव्हा थायोग्लायकोलेट लावून थोड्या गाठी सोडवतात, पीएच ९ च्या वर, कारण गाळणी म्हणाले तसा हायड्रोजन सुटायला हवा. मग केस रोलरवर गुंडाळायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने गाठी परत मारायच्या, पण आता नव्या शेजाऱ्याशी. कुरळा आकार तिथेच कायम. सरळ करायचे तर हेच, फक्त रोलरऐवजी कंगवा.

पार्लरमध्ये सिस्टीन ट्रीटमेंट मिळते त्यात थायोग्लायकोलेटऐवजी सिस्टीन असतं, सौम्य असतं, गाठी कमी सुटतात, परिणामही कमी टिकतो. आणि तिचा जुना त्रास काय आहे माहितीय का? केस वाळले की पांढरी पूड दिसते, कोंडा झालाय असं वाटतं. तो कोंडा नसतोच. तो या पोराच्या फ्लास्कातला साका!! आमची अर्धी मेहनत तो बसू नये यातच जाते.

पण हे सगळं बाहेरून, मेलेल्या केसावर. आतून कॅप्सूल खाल्ली म्हणून जास्तीचं सिस्टीन केसात जाऊन बसत नाही. मुळाशी जी पेशी केराटिन बनवते ती जनुकात लिहिलंय तेवढंच सिस्टीन लावते, आणि पोटात प्रथिनं पुरेशी जात असतील तर ते तिला मिळतंच. शिवाय शरीर स्वतःही बनवतं, गंधक मेथिओनिनकडून आणि बाकीचा सांगाडा सेरिनकडून. हा मार्ग उलगडणाऱ्यांत दु विन्यो होते, त्यांना गंधकाच्या संयुगांच्या कामावर १९५५ चं नोबेल मिळालं. कुपोषण असेल, क्रॅश डाएट असेल तर केस गळतात, पण मग कमी सगळंच असतं, एकटं सिस्टीन नाही.

बाकावरचा_बीकर

सगळ्यांचे आभार, एवढं लेक्चरमध्ये पण नाही कळलं. एक शंका मात्र उरतेच. शरीरात तर ऑक्सिजन कायम आहे, तांबं आणि लोखंड आहे, पीएच पण ७.४ च्याच आसपास. मग आपल्या पेशीतल्या सगळ्या सिस्टीनचा साका का नाही होत?

गाळणी

हा प्रश्न आधी विचारायला हवा होतास, तिथेच खरी गंमत आहे.

पेशीच्या आत गाठ पडते, पण सोडवणारेही बसलेले असतात. ग्लुटाथिओन गाठ सोडवतं आणि स्वतः जोडीत अडकतं, मग ग्लुटाथिओन रिडक्टेज नावाचं एन्झाइम एनएडीपीएच नावाचा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू खर्चून त्याला परत मोकळं करतं. म्हणजे पेशी साखर जाळून सतत भाडं भरते गंधक मोकळा ठेवायचं. तुझ्या फ्लास्कमध्ये भाडं भरणारं कोणी नव्हतं. धातूही आत असे मोकळे फिरत नाहीत, प्रथिनांनी धरून ठेवलेले असतात. पेशीबाहेर, रक्तद्रवात, चित्र उलटं, तिथे सिस्टीनपेक्षा सिस्टाइनच जास्त असतं, फक्त इतकं पातळ की खाली बसत नाही.

आणि शरीराला गाठ हवी असते तिथे ती मुद्दाम मारतात. पेशीतच एक वेगळी खोली आहे, एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम, तिथली हवा ऑक्सिडेशनची. बाहेर जाणारी प्रथिनं तिथे घडतात. इन्सुलिन बघ, ५१ अमिनो आम्लं, त्यात सहा सिस्टीन, तीन गाठी. गाठ चुकीच्या जोडीदाराशी पडली की इन्सुलिन कामाचं नाही, म्हणून तिथे एक एन्झाइम चुकीच्या गाठी सोडून परत मारत बसतं.

अ‍ॅनफिन्सेनचा प्रयोग वाचलायस का? रायबोन्यूक्लिएज या एन्झाइममध्ये आठ सिस्टीन, चार गाठी. आठ जणांच्या चार जोड्या किती प्रकारे लागतील? पहिल्याला सात पर्याय, उरलेल्यांतल्या पहिल्याला पाच, मग तीन, मग एक, १०५. त्याने युरिया घालून प्रथिन उलगडलं, मरकॅप्टोइथेनॉलने सगळ्या गाठी सोडल्या, मग दोन्ही काढून टाकलं आणि नुसतं हवेवर ठेवलं. १०५ मधली बरोबर तीच एक जुळणी परत आली, एन्झाइम चालू. युरिया तसाच ठेवून हवा दिली तर मात्र भलत्याच गाठी आणि काम जेमतेम एक टक्का. १९७२ चं नोबेल. हवा तीच रे, जिने तुझा साका केला.

बाकावरचा_बीकर

वाचतो. आज साक्याच्या तीन ट्यूब लावल्या होत्या, आम्लात गेला, सोड्यात गेला, आणि डीटीटीवाली अर्ध्या तासात नितळ झाली. तीच ट्यूब तशीच उघडी बाकावर ठेवून आलोय, उद्या सकाळी बघतो. भावाला धागा पाठवला, त्याने फक्त केशकर्म ताईंचा प्रतिसाद वाचला आणि विचारतोय की मग कोंडा कसला आहे.

केशकर्म

कोंडाच असेल! त्वचेच्या डॉक्टरला दाखवायला सांगा :)